मूल घरी येऊन सांगेल असं घर: इंदूरच्या नव्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरल्या की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. पुण्या-नागपूरहून बदलीवर इंदूरला आलेली, पहिल्यांदाच मूल शाळेत घालणारी जोडपी, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आता रामबागेतल्या घरी बसले आहे. वेळ भरपूर आणि मतं त्याहून जास्त. दोघांचाही प्रश्न साधारण एकच असतो: "मुलाला गुड टच, बॅड टच कसं शिकवायचं?" माझं उत्तर ऐकून त्यांचा थोडा विरस होतो. शिकवायचंच, पण ते तिसरं काम. पहिली दोन मोठ्यांची आहेत.

पहिलं काम: आपला हात आवरणं

मुलांच्या छळाचे ढोबळ चार प्रकार मानतात. मारहाण, सतत टोचून, घाबरवून, हिणवून मन खच्ची करणं, लैंगिक छळ, आणि हेळसांड. लोक तिसऱ्याला घाबरतात, चौथा फक्त गरिबाघरी असतो असं समजतात आणि पहिल्या दोघांना संस्कार म्हणतात. "एक फटका दिला तर काय बिघडलं, आम्ही नाही का खाल्ले?" हे वाक्य आमच्या गल्लीत मी किती वेळा ऐकलं असेल!

बिघडतं ते असं. पाच वर्षांच्या मुलाच्या हातून दुधाचा पेला लवंडतो आणि पाठीत धपाटा बसतो. पुढच्या वेळी पेला लवंडला की ते आधी दार लोटून घेतं, अंगातल्या शर्टानं फरशी पुसतं आणि शर्ट पलंगाखाली कोंबतं. पेला नीट धरायला ते शिकलेलं नसतं, लपवायला शिकलेलं असतं. उद्या शाळेच्या व्हॅनमध्ये कुणी त्याच्याशी नको ते केलं, तर तेही त्याच पलंगाखाली जाणार. ज्या घरात चूक कबूल केली की मार मिळतो, त्या घरात मूल स्वतःवर झालेला अन्यायही स्वतःची चूक समजून गिळतं. छळणाऱ्या माणसाला हे चांगलं ठाऊक असतं. "घरी सांगितलंस तर तुलाच मार पडेल" ही त्याची धमकी मुलाला खरी वाटते, कारण घरानं ती आधीच खरी करून ठेवलेली असते.

मग करायचं काय? हात शिवशिवले की त्या खोलीतून बाहेर पडा. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर "आता तू बघ, माझं डोकं फिरलंय" एवढं म्हणायची मुभा एकमेकांना आधीच देऊन ठेवा. हात उचललाच गेला, तर संध्याकाळी जवळ घेऊन "मी मारायला नको होतं" हे स्पष्ट म्हणा. मुलाची माफी मागितल्यानं आईबापाचा मान जात नाही. राग रोजचाच झाला असेल, पगार, सासर, झोप यांचं ओझं मुलावर उतरत असेल, तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे. फोनवर मोफत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

शाळेतल्या छडीबद्दल फार बोलायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना सरळ मनाई करतं. नव्या शिक्षिकांनो, कोंबडा बनवणं, उन्हात उभं करणं, वर्गासमोर "तुझ्या बापाला फी भरता येत नाही का" विचारणं, हे सगळं त्यात येतं. पालक स्वतः येऊन "मॅडम, दोन लावा हो" म्हणाले तरीही.

दुसरं काम: शब्द देणं

ही अडचण खास आपल्या इंदूरच्या मराठी घरांची आहे. मूल घरी मराठी बोलतं, शाळेच्या मैदानावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी. शरीराच्या खासगी भागांना मात्र घरात एखादं लाडिक, आजीनं ठेवलेलं नाव असतं. ते त्या घराबाहेर कुणालाच कळत नाही. पहिलीतलं मूल हिंदीभाषक बाईंना तो शब्द वापरून काही सांगू बघतं, बाईंना वाटतं खेळण्याबद्दल बोलतोय, त्या "ठीक है, बैठो" म्हणतात. मुलाच्या लेखी त्यानं सांगून झालेलं असतं आणि कुणी काही केलेलं नसतं.

म्हणून तीन-साडेतीन वर्षांपासून, आंघोळ घालताना, नाक-कान-कोपर म्हणतो त्याच आवाजात लिंग, योनी, छाती, कुल्ले, शूची जागा, शीची जागा हे शब्द द्या. शाळेत लागणारे हिंदी-इंग्रजी शब्दही द्या. लाडकं नाव राहू द्या, पण ते एकटं नको. आजी तोंडावर पदर घेतील. माझ्या सासूबाईंनी घेतला होता. चार दिवसांत सवय होते. मुलाच्या कानाला "हात" आणि "लिंग" यांत काही फरक नसतो. लाज आपल्या आवाजातून त्याच्यात उतरते, आणि एकदा उतरली की त्या भागाविषयी बोलणंच बंद.

तिसरं काम: अंग माझं, नाही म्हणणंही माझं

आता तुमचा मूळ प्रश्न. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श ही भाषा मला जरा अडचणीची वाटते, कारण काही स्पर्श सुरुवातीला वाईट लागत नाहीत. गुदगुल्या असतात, लाड असतात. सुरक्षित आणि असुरक्षित म्हणा. नियम साधा ठेवा: चड्डी-बनियनच्या आतले भाग खासगी. ते कुणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, त्यांचा फोटो काढायचा नाही, आणि कुणी स्वतःचे दाखवायचे किंवा हात लावायला सांगायचं नाही. आंघोळ घालणारी आई, आईसमोर तपासणारे डॉक्टर एवढाच अपवाद. तसं कुणी केलं तर "नको" म्हणायचं, तिथून निघायचं आणि सांगायचं. नाही ओरडता आलं, पाय जागच्या जागी थिजले, तरी तुझी चूक नाही. हे शेवटचं वाक्य बहुतेक पालक विसरतात.

नियम नुसता सांगून भागत नाही, घरात पाळावा लागतो. "मामाला पापी दे, नाहीतर मामा रागावेल" असं म्हणून मुलाला पुढे ढकललं, की मोठ्या माणसाच्या रागापुढे आपल्या अंगाची मर्जी चालत नाही, हा धडा आपणच गिरवून घेतो. पाहुण्यांना नमस्कार पुरे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे जाणार असाल तर हे आणखी लागू. "बुरा न मानो" म्हणत कुणीही कुठेही रंग चोळतं आणि मोठी माणसं हसतात. मुलाला आधीच सांगा: रंगसुद्धा विचारूनच लावायचा, आणि तुला नको असेल तर नको.

गुपितांचा नियमही करा. आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या केकचं गुपित चालतं, कारण ते दोन दिवसांनी फुटणार असतं आणि सगळे हसणार असतात. "हे कुणालाच कधीच सांगायचं नाही" असं जो सांगतो, त्याचं गुपित ठेवायचं नसतं.

एक मात्र करू नका: अनोळखी माणसाची भीती घालून थांबू नका. महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांपैकी साधारण निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासाच्या जागेवरचे होते. बहुतेक मुलांनी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आणखी एक: सोसलेल्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. "आम्हाला दोन्ही मुलगेच, आम्हाला कसली काळजी" म्हणणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

शाळा, व्हॅन, क्लास, तालीम

शाळेत प्रवेश घेताना फी आणि बसचा मार्ग विचारता, तसंच हेही विचारा. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळाच नव्हे, पाळणाघर आणि क्रीडा अकादमीनंही ती वेळोवेळी करून घ्यायची असते. बालसंरक्षणाचं लेखी धोरण आहे का, आणि मुलानं तक्रार कुणाकडे करायची ते मुलांना माहीत आहे का? लहान वर्गांच्या स्वच्छतागृहाकडे कुणाचं लक्ष असतं? "आमच्याकडे असं काही होत नाही" हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. "झालं तर आम्ही असं असं करतो" म्हणणारी शाळा बरी.

शाळेबाहेरचं जग मोठं आहे: शिकवणी, तबल्याचा क्लास, आखाडा, गणेशोत्सवातल्या नाटुकलीची तालीम. तिथे एकच कसोटी लावा. एक मोठा माणूस आणि एक मूल, बंद दारामागे, असं कधीही नको. शिकवणी हॉलमध्ये घ्या, दार उघडं ठेवा, अधूनमधून न सांगता लवकर न्यायला जा. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, तालमीला येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हा नियम तुम्हीच लावा, म्हणजे एकट्या आईला तोंड वाजवायला लागणार नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, गर्दीत नेणार असाल तर मुलाला निदान एक फोन नंबर पाठ हवा. हल्लीच्या मुलांना आईचा नंबरही येत नाही, तो मोबाइलला येतो.

आता माझी चूक सांगते. दुसरीच्या वर्गातला एक मुलगा सुटीची घंटा झाली की बुटाची लेस बांधत बसायचा. बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. व्हॅनवाला हॉर्न वाजवायचा, मी ओरडायचे. डायरीत "फार वेळ लावतो" असा शेरा लिहिला. आईनं बिचारीनं त्याला वेलक्रोचे बूट आणून दिले. मग तो दप्तर आवरत बसायला लागला. तीन आठवडे मी त्याला वर्गासमोर कासव म्हणत होते. शेवटी शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या लक्षात आलं, की व्हॅनमध्ये जो आधी चढतो त्याला ड्रायव्हरशेजारी पुढे बसावं लागतं, आणि हा दुसरं कुणी पुढे बसेपर्यंत चढतच नाही.

म्हणून नव्या शिक्षिकांना सांगते, मुलं तोंडानं कमी आणि वागण्यातून जास्त सांगतात. अचानक बदल झाला की थांबा. बोलकं मूल गप्प झालं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, ठरावीक माणूस, ठरावीक रिक्षा, ठरावीक वार नकोसा झाला, उन्हाळ्यात फुल बाहीचा शर्ट सुटेना, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा चित्र आलं, डब्यात रोज काहीच नाही, पोट दुखतं पण डॉक्टरांना काही सापडत नाही. यातल्या एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका. घरात नवं बाळ आलं तरीही मुलं अशी वागतात. पण शेरा लिहिण्याआधी एकदा शेजारी बसून "तुला तिथे जायला आवडत नाही का?" एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं.

मोबाइलबद्दल थोडक्यात. सातवी-आठवीच्या मुलाला गेममधून मैत्री करून फोटो मागणारे भेटतात आणि मग "घरच्यांना पाठवीन" म्हणून धमकावतात. मूल घाबरून चॅट पुसून टाकतं. त्याला आधीच सांगून ठेवा: फोटो गेला असेल तरी ये, मी फोन काढून घेणार नाही. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर किंवा थेट पोलीस ठाण्यात तक्रार करा.

मूल सांगतं ती पाच मिनिटं

ते बहुधा भलत्याच वेळी सांगेल. तुम्ही फोडणी टाकत असाल, आणि ते ओट्याला टेकून म्हणेल, "मला उद्यापासून काकांच्या घरी नको पाठवू." गॅस बंद करा. खाली बसा, म्हणजे तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील. चेहरा शक्य तेवढा शांत ठेवा. आई रडायला लागली की मूल तिला समजावायला म्हणून शब्द मागे घेतं.

म्हणायचं एवढंच: "बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही. आता काय करायचं ते मी बघते." "आधी का नाही सांगितलंस?", "तू तिकडे गेलासच कशाला?", "नक्की ना? काका असं करतील?" हे तीन प्रश्न जिभेवर आले तरी गिळा. "कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "मदत करू शकतील अशा एक-दोघांनाच सांगेन" म्हणा, ते खरं आहे.

खोदून खोदून विचारू नका. "मग काय झालं?" एवढं पुरतं. "त्यानं इथे हात लावला का?" असं आपण सुचवलं की पुढे मुलाच्या बोलण्यावर शंका घ्यायला जागा मिळते. मग आजी, काकू, बाबा अशी पाच जणांपुढे तीच गोष्ट वदवून घेऊ नका. मूल झोपल्यावर तारीख, वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, घरगुती शब्दासकट. प्रकार ताजा असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका; प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवा. आणि त्या माणसाच्या दारात जाऊन तमाशा करू नका. मला कळतं, हे सगळ्यात अवघड आहे. पण त्यानं तो सावध होतो आणि मुलावर दबाव येतो.

कुठे जायचं

१०९८ हा मुलांसाठीचा मोफत, चोवीस तासांचा क्रमांक. १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता सरकारकडे आहे आणि ११२ शी जोडलेला आहे. मूल स्वतःही लावू शकतं. लगेच धोका असेल तर ११२. लैंगिक छळ असेल तर जवळच्या पोलीस थान्यात, कुठल्याही; हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

पोक्सो कायदा, २०१२ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. त्यात नव्या शिक्षकांनी पाठ करावं असं कलम १९ आहे: गुन्हा घडल्याचं माहीत असेल, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. फक्त मुख्याध्यापकांच्या कानावर घालून आपलं काम संपत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. उलट, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर खटला चालत नाही. "शाळेचं नाव खराब होईल" या वाक्याला कायद्यात जागा नाही.

मुलासाठी कायद्यानं बरंच करून ठेवलंय, पण मागावं लागतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी, आणि अधिकाऱ्यानं गणवेशात येऊ नये. विश्वासाचं माणूस शेजारी बसू शकतं. रात्री मुलाला थान्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. दवाखान्यात तातडीचे उपचार करायला आधी पोलिसांचा कागद आणा, असं म्हणता येत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक एमवाय या सरकारी दवाखान्यात जातात, तिथेही हे लक्षात ठेवा. आणि आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचं: थान्याचा कारभार हिंदीत असला तरी जबाब मुलानं जसा सांगितला तसाच लिहायचा असतो, आणि गरज पडली तर दुभाषी घेण्याची तरतूद आहे. आजीच्या त्या लाडक्या शब्दाचा अर्थ नोंदीत लिहिलाय ना, हे सही करण्याआधी बघा. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते. मूल घरात सुरक्षित नसेल, म्हणजे छळणारा घरातलाच असेल, तर पोलीस बाल कल्याण समितीला कळवतात आणि मुलाच्या राहण्याचं ती ठरवते.

घरातल्या प्रकरणात नातेवाईक "आपसात मिटवा" म्हणायला येतील. कुणी पोरीच्या लग्नाचं काढेल, कुणी म्हाताऱ्या आईच्या ब्लडप्रेशरचं. मिटवणं म्हणजे त्या माणसाला पुढचं मूल देणं, हे त्यांना तोंडावर सांगायला मी अजिबात कचरत नाही. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका. मुलाची ओळख फुटेल असं काही पसरवणं गुन्हा आहे, आणि इंदूर केवढंही वाढलं तरी मराठी मंडळी एकमेकांना आडनावावरून ओळखतातच.

तक्रारीनंतरच्या दिवसांत मुलाची शाळा, खेळ, रविवारचे पोहे-जिलबी चालू ठेवा. समुपदेशक हवा असेल तर घ्या, पण घराचा दवाखाना करू नका. त्याला बोलायचं असेल तेव्हा ऐका, नसेल तेव्हा क्रिकेट लावा. चौकशीला आलेल्या मावशी-काकूंसमोर मुलाला हाक मारू नका. "तो बरा आहे, खाली खेळतोय. चहा टाकू का?" म्हणा आणि विषय बदला.